चिठ्ठीचा कोपरा

आमच्या लॅबमध्ये रक्त काढायला शिकलेल्या प्रत्येकाने पहिली सुई मामांना टोचली आहे. मीही. तेव्हा मी इतकी घाबरले होते की सुईच्या आधी मीच पडले असते. मामांनी डावा हात टेबलावर पसरला आणि म्हणाले, "टोच. मी काही काचेचा नाही." पहिल्यांदा शीर चुकली, दुसऱ्यांदाही चुकली. तिसऱ्यांदा रक्त आलं आणि आनंदाच्या भरात मी दंडाला बांधलेला पट्टा सोडायचं विसरून सुई काढली. मामांचा शर्ट लाल झाला. त्या दिवसापासून माझं नाव घाईबाई पडलं, ते आजतागायत. आज ती लॅब मी चालवते, हाताखाली सहा माणसं आहेत, तरी मामांच्या तोंडी मी घाईबाईच.

मामा तसे कुणाचेच सख्खे मामा नव्हेत. लहान मुलं सुई बघून रडायला लागली की ते म्हणायचे, "अरे, मामा आहे मी तुझा." मुलं तरीही रडायचीच, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्यांची बायको आपोआप मामी झाली. लग्नात मिळालं नव्हतं ते नाव मला या रक्ताच्या बाटल्यांनी दिलं, असं मामी म्हणतात.

मामांच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पहिली म्हणजे आकडा. यंत्राने दिलेला आकडा ते तळहातावरच्या फोडासारखा जपायचे. शंका आली तर तपासणी पुन्हा करतील, तिसऱ्यांदा करतील, पण खोटा आकडा कागदावर लिहिणार नाहीत. एकदा एका बड्या गृहस्थाने, आईला धक्का बसू नये म्हणून तिची साखर जरा कमी दाखवा, असं सांगितलं होतं. मामांनी त्याला शांतपणे दार दाखवलं. दारापर्यंत पोचवायलाही गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे चिठ्ठीचा कोपरा. तपासणीची चिठ्ठी रक्ताबरोबर आत जाते आणि रिपोर्टाबरोबर डॉक्टरांकडे परत जाते. तिच्या उजव्या कोपऱ्यात मामा शिसपेन्सिलने बारीक अक्षरात काहीतरी लिहायचे. "दोन दिवस जेवलेल्या नाहीत, सांगायला लाजतात." "मुलगी परगावी गेल्यापासून झोप नाही." बाही वर करता करता माणूस जे बोलतो ते डॉक्टरांसमोर बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. नवे डॉक्टर हसायचे. जुने डॉक्टर आधी कोपरा वाचायचे आणि मग आकडा. "रिपोर्ट आणि माणूस जुळत नसेल, तर आधी माणसाकडे बघ," हे वाक्य मामांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही म्हणून दाखवेन.

अशा माणसाला तीन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी दाढी करताना हातातून वस्तरा गळून पडला, तो उचलायला वाकले आणि उजवी बाजूच सोबत आली नाही. मामींनी जराही वेळ न दवडता दवाखान्यात नेलं, म्हणून वाचले. बोलणं महिन्याभरात बरंचसं सुधारलं, पाय काठीवर चालू लागला. राहिला उजवा हात. फिजिओथेरपीच्या बाईंनी रबराचा चेंडू दिला आणि बजावलं, दिवसातून तीनदा वीस वेळा दाबायचा. हात सुधारायचे हेच महिने आहेत, आत्ता आळस केला तर पुढे पस्तावाल.

पहिले दोन महिने मामांनी चेंडूचा जीव काढला. मग त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. मी गेले की "ये" म्हणायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. लॅबमधल्या गमती सांगितल्या तर ओठ हलायचे, पण हसू यायचं नाही. मामी एकदा मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अगं, भांडतसुद्धा नाहीत आता. काल मी मुद्दाम चहात साखर घातली नाही. गुपचूप प्यायले." चौतीस वर्षांच्या संसारात याहून मोठं संकट त्यांनी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी निदान स्पष्ट सांगितलं. झटक्यानंतर असं नैराश्य पुष्कळांना येतं, तो हट्ट नव्हे, आजार आहे आणि त्यावर गोळ्या आहेत. मामा म्हणाले, "मी उदास नाही. थकलोय." तेव्हा बाईंनी त्यांच्याच भाषेत समजवायचा प्रयत्न केला. झटक्याच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या रक्तातला सीआरपी वाढलेला होता. शरीरात दाह, म्हणजे आतली सूज, असली की तो आकडा वाढतो. असा दाह ज्यांच्यात जास्त सापडतो, त्यांच्यात पुढे नैराश्यही जास्त दिसतं, असं काही अभ्यासांत आढळलंय. पण हे पुष्कळ माणसांचं मिळून झालं, एकट्या माणसाचं मन त्यावर मोजता येत नाही.

मामांनी यातलं अर्धंच ऐकलं. खरं तर मीही.

घरी आल्यावर ते बऱ्याच दिवसांनी ताठ बसले. "घाईबाई, आता माझं रक्त काढ. सीआरपी वाढलेला निघाला तर गोळी घेईन. नाही निघाला तर पुन्हा कुणी मला उदास म्हणायचं नाही. कबूल?"

"कबूल!" मी म्हणाले. आकडा वाढलेला येणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. घाईबाई उगीच म्हणत नाहीत.

त्याच डाव्या हाताला पट्टा बांधला. हात हाडकुळा झाला होता, शीर मात्र तीच, ओळखीची. मी बाही वर केली तेव्हा मामा काही बोलले नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना बोलतं करणारा माणूस! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दुपारी रिपोर्ट आला. सीआरपी अगदी व्यवस्थित, एखाद्या तरण्याताठ्या पोराचा असावा तसा. मी तपासणी पुन्हा केली. तोच आकडा. आता ते गोळी घेणार नाहीत, चेंडू हातात धरणार नाहीत आणि जो हात मला शिकवत आला तो मांडीवर पडून वाळून जाईल.

खोटं कशाला बोलू? समोर कॉम्प्युटर होता आणि आकड्याच्या जागी दुसरा आकडा टाकायला एक बोट पुरलं असतं. त्यांच्या भल्यासाठीच तर! मिनिटभर मी तशीच बसून होते. मग तो बडा गृहस्थ आठवला, त्यालाही आईचं भलंच करायचं होतं. मामांचा राग आला, माझा त्याहून जास्त आला. मी खरा रिपोर्ट छापला, त्यांची चिठ्ठी पुढे ओढली आणि शिसपेन्सिल शोधली.

संध्याकाळी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी आकडा वाचला. वाटलं होतं की जिंकलो म्हणून माझी टिंगल करतील, पण त्यांचा चेहरा आणखीच पडला. आकडा वाढलेला निघावा, गोळी घ्यायला निमित्त मिळावं, असं त्यांनाही कुठेतरी वाटत असावं.

"नॉर्मल आहे," ते म्हणाले. "झालं तर मग."

"चिठ्ठी राहिली, मामा."

त्यांनी चिठ्ठी घेतली. कोपऱ्यात मी लिहिलं होतं, "सहा दिवस चेंडू हातात धरलेला नाही. बिनसाखरेचा चहा न भांडता पितात. विचारलं तर थकलोय म्हणतात. रिपोर्ट आणि माणूस जुळत नाही."

मामी दारातून बघत होत्या. सहा दिवसांचा हिशोब त्यांनीच मला दिला होता. मामा तो कोपरा किती तरी वेळ वाचत राहिले. मला वाटलं, आता चिठ्ठी फाडणार.

"पेन्सिल दे," ते म्हणाले.

डाव्या हाताने त्यांनी माझा 'सहा' खोडला. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं वेडंवाकडं, पण खोडायची पद्धत जुनीच, एक आडवी रेघ आणि वर नीट आकडा. लिहिलं, "अकरा." मग खाली, एकेक अक्षर जुळवत, "आधीचे पाच दिवस नुसते आकडे म्हटले."

मामींनी खांद्यावरून वाचलं. मला कळायला जरा वेळ लागला, त्यांना लागला नाही. त्या स्वयंपाकघरात असायच्या तेव्हा बाहेरच्या खोलीतून एक, दोन, तीन असं वीसपर्यंत मोजणं ऐकू यायचं. चेंडू मांडीवर पडलेला असायचा आणि हे नुसते मोठ्याने मोजायचे.

"मी आत कणीक मळता मळता तुमच्याबरोबर मोजायची हो," मामी म्हणाल्या. "वीस झाले की बरं वाटायचं."

मामांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते रडायला लागले, अगदी मोठ्याने, लहान मुलासारखे. जन्मात खोटा आकडा न लिहिलेल्या माणसाने बायकोला पाच दिवस खोटे आकडे ऐकवले होते, आणि तेही तिला बरं वाटावं म्हणून. मामी त्यांच्या शेजारी बसल्या आणि तो उजवा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. मीही रडले. माझं काय, मी त्यातही घाईच केली, त्यांच्या आधी सुरुवात केली होती.

बऱ्याच वेळाने मामांनी नाक पुसलं आणि चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

"सही कर खाली. बिनसहीची चिठ्ठी मी कधी पुढे पाठवलेली नाही." मी सही केली. "उद्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जा. गोळी लिहून आण. आणि हे बघ घाईबाई, गेल्या गेल्या आकडा नको दाखवूस. आधी कोपरा दाखव."