पंखा मीच बंद करायला लावला होता

शिष्यवृत्ती देवीच्या कौलावर देऊ नये, असं माझं मत होतं आणि आजही आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी असं समजू नये की मी शरण आलो आणि लढा सोडला. लढा सोडलेला नाही. पण त्या दिवशी मला एक अनुभव आला, आणि तो लपवून ठेवणं हाही एक खोटेपणाच होईल. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही वसई तालुक्यात, मनवेलपाड्याच्या चाळीत राहायचो. तिथून खाडीकडे गेलं की एक जुनं गाव आहे आणि गावाच्या टोकाला देवीचं देऊळ. त्या दिवसांत बिल्डरांची माणसं तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण लावून शेतं मोजत हिंडायची. ती काय मोजतात, बांध कागदावर कुठून कुठे सरकतो, गावात कुणाला काही कळत नसे. देवस्थानचे अध्यक्ष तात्या स्वतः शेतकरी. ते म्हणाले, त्या दुर्बिणीला एक तरी डोळा आपल्या पोरांचा पाहिजे. मग जत्रेत जमणाऱ्या देणग्यांतून दर वर्षी दोन शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. एक इंजिनिअरिंगला, एक जमीनमोजणीच्या पदविकेला, म्हणजे सर्व्हेला. तालुक्यातल्या कोणीही अर्ज करावा. इथपर्यंत तात्यांना माझा सलामच होता. पण गुण बघून नाव ठरलं तरी शेवटचा शब्द देवीचा. देवीच्या दोन्ही खांद्यांना तीर्थात भिजवलेलं एकेक तगरीचं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आणि दुपारच्या नैवेद्यापर्यंत काहीच पडलं नाही, तर देवीच्या मनात नाही असं समजून ती शिष्यवृत्ती पुढच्या वर्षावर.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. पोराने वर्षभर रात्रंदिवस अभ्यास करायचा आणि निकाल फुलाने लावायचा? आमच्या युवक मंडळातर्फे मी पत्रक काढलं आणि स्टेशनबाहेर स्वतः उभं राहून वाटलं. त्यात तात्यांना मी ‘फुलांचे न्यायाधीश’ म्हटलं होतं. पत्रकाच्या शेवटी मागण्या होत्या. पहिली अर्थातच कौल बंद करा. दुसरी अशी, की निदान गाभाऱ्यातला पंखा तरी बंद ठेवा, कारण मान फिरवणारा पंखा ज्या बाजूला वळेल त्या बाजूचं फूल पाडणार, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पहिली मागणी त्यांनी धुडकावली. दुसरी मात्र तात्यांनी सगळ्यांसमोर मान्य केली. मी ती जिंकल्यासारखी मिरवली.

त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला, वनिताला, सर्व्हेच्या पदविकेला प्रवेश मिळाला. बाबांची वसईतली कंपनी बंद पडलेली, माझ्या शिकवण्यांवर घर चाललेलं. सोमवारपर्यंत फी भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. वनिताने मला न विचारता देवस्थानकडे अर्ज केला, आणि गुणांवर तिचंच नाव आलं. मी चिडलो. ती म्हणाली, “तुझी तत्त्वं तू सांभाळ दादा, मला फी भरायची आहे.” गावात तर वेगळीच कुजबुज. पोरगी चिखलात, बांधावर उभी राहील का, आणि देवीची टिंगल करणाऱ्याच्या बहिणीला देवी होय म्हणेल का.

कौलाचा दिवस रविवार होता. सभामंडप भरलेला. मी मागच्या खांबाला टेकून उभा राहिलो. आधी इंजिनिअरिंगच्या मुलाचा कौल लागला. पुजाऱ्यांनी हात मागे घेतला न घेतला तोच उजवं फूल घरंगळलं. टाळ्या झाल्या, होकाराचा नारळ त्याच्या हातात पडला. मग वनिताचं नाव घेतलं गेलं, नवी फुलं लावली, आणि सगळं थांबलं. फुलं हलेनात. आषाढातली दमट हवा, गाभाऱ्यात माणसांचा वाफारा, आणि पंखा बंद. ओली तगर दगडाला अशी बसली होती की जणू तिथेच उगवली आहे. पुढच्या रांगेतला एक जण मागे वळून म्हणाला, “काय पत्रकवाले, लावायचा का पंखा?” लोक हसले. वनिता हसली नाही. ती हात जोडून बसली होती आणि मला तिची फक्त पाठ दिसत होती. डावं पडलं तर ती घरी बसणार. काहीच पडलं नाही तरी घरी बसणार. आणि दोन्ही वेळा लोक म्हणणार की भावाच्या तोंडामुळे. स्वयंपाकघरातून नैवेद्याच्या ताटांचा आवाज यायला लागला. मला वाटलं पुढे जाऊन ओरडावं, हे सगळं थांबवा. पण ओरडून तिची फी भरली जाणार नव्हती. जे जे करता येईल ते सगळं मी करून बसलो होतो, पंखासुद्धा बंद करून झाला होता. आता माझ्या हातात काही नाही, हे मला तिथे आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मी डोळे मिटले. देवीला काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा नुसतं ‘बघ’ म्हणालो असेन.

तेवढ्यात घंटा वाजली. साधी नाही, छातीत घुमेल अशी. डोळे उघडले तर गर्दीतून वाट काढत एक म्हातारी बाई पुढे आलेली, डोक्यावर भाजीची टोपली तशीच, आणि तिने घंटेचा दोर धरून दुसरा टोला दिला. आणि उजव्या खांद्यावरचं फूल सुटलं, देवीच्या पदरावरून घसरत खाली आलं.

वनिता मागे वळून माझ्याकडे बघत होती. मी गप्प राहायला हवं होतं. नाही राहिलो. दुसऱ्या कोणाचा कौल असता तर मी जे बोललो असतो तेच बोललो. म्हणालो, “तात्या, हे फूल घंटेच्या हादऱ्याने पडलं. याला कौल म्हणता येणार नाही.” वनिताचे डोळे भरून आले.

तात्या सावकाश उठले. मी ज्यांना नावं ठेवली, त्यांच्या हातात आता बदला घ्यायची सरळ संधी होती, आणि ती मीच दिली होती. ते माझ्याकडे बघत म्हणाले, “तुला पंखा चालत नाय, घंटा चालत नाय. मंग देवीनं सांगायचं तरी कशानं?” मग पुजाऱ्यांकडे वळून म्हणाले, “देवीला दोनदा विचारीत नाय. पोरीला नारळ द्या.”

वनिताने नारळ पदरात घेतला आणि मी खांबाला धरूनच खाली बसलो.

नंतर त्या बाईंना गाठलं. त्या होळी नावाच्या गावच्या, स्वतःच्या वाडीतल्या भाजीचा पहिला तोडा देवीला द्यायला आल्या होत्या. कौल चालू आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. इतक्या जोरात का वाजवली, म्हटलं. दोनदा विचारावं लागलं. त्या म्हणाल्या, “मला कमी ऐकायला येतंय बाबा. हळू वाजवली तं वाजली का नाय, मला कोन सांगनार?”

वनिता आज मोजणीची कामं घेते. त्या गावचे बांधही तिने मोजले, चिखलात उभं राहून. फूल घंटेने पडलं हे मी आजही म्हणतो. पण बाईंना त्याच क्षणी कोणी आणलं, आणि तात्यांच्या तोंडी ते शब्द कोणी घातले, हे मला पत्रकात मांडता येत नाही. आपण सगळं करावं, भांडावंही. मात्र आपलं करून संपतं तिथे पुढचं कोणीतरी हातात घेतं, आणि ते हात आपण ज्यांच्याशी भांडलो त्यांचेही असू शकतात. त्या हातांचा मी ऋणी आहे.

कौलाविरुद्धचं पत्रक मी अजून दर वर्षी काढतो. पहिली प्रत तात्यांना नेऊन देतो. ते चष्मा लावून वाचतात आणि घडी घालून खिशात ठेवतात. मग मी आत जातो, दोर धरतो, आणि घंटा जोरात वाजवतो.