चौदाशेचा भोंगा

वस्तू विकत घेताना माणूस फसतो, असं लोक म्हणतात. मी वस्तू परत करताना फसलो.

हे सगळं मी रागानं लिहितोय, हे आधीच सांगून ठेवतो. तीस वर्षं शेळ्यांच्या व्यापारात काढली. दोन शेळ्यांवर सुरुवात करून पाच एकर रान, विहीर आणि पत्र्याचं का होईना, चार खोल्यांचं घर उभं केलं, ते काय दुकानदारानं सांगितलेली किंमत मुकाट्यानं देऊन? मी साधी काडेपेटी घासाघीस केल्याशिवाय घेत नाही. एस.टी.चं तिकीट तेवढं सांगतील त्या भावानं काढतो, पण मग उतरेपर्यंत कंडक्टरशी बोलत नाही!

तर त्या साली रब्बीची ज्वारी नजर लागावी अशी आली होती. नजर लागली ती पाखरांची. कणसं दुधात आली आणि थवेच्या थवे उतरायला लागले. पूर्वी रानातल्या माळ्यावर बसून गोफण फिरवणारी माणसं मिळायची. आता ती जो रोजगार सांगतात तो ऐकला की वाटतं, त्यापेक्षा पाखरांनाच खाऊ द्यावं. मग कळलं की भोंगा नावाचं एक यंत्र निघालंय. एक कर्णा, खाली बॅटरी, बॅटरीला उन्हावर चालणारी सोलर पाटी. बटण दाबून आपला आवाज भरायचा, की तो दिवसभर तेच ओरडतो. म्हणजे आपण घरी भाकरी खायची आणि आपला आवाज रानात राबणार. मला तर हे माझ्यासाठीच काढलंय असं वाटलं.

आमचं गाव सोनारीच्या अलीकडं. खरेदीला परंड्याला जातो. तिथं बब्रुवानशेठचं मोटारी, पाइप आणि बॅटऱ्यांचं दुकान. भिंतीवर 'एकच भाव' अशी पाटी. (ती पाटी वाचून मी आत गेलो नाही, असं आजवर झालेलं नाही.)

"केवढ्याला, शेठ?"

"अठ्ठावीसशे. भाव लिवलाय की वर."

"आमी अंगठेबहाद्दर मानसं, लिवलेलं कळत न्हाय," असं म्हणून मी खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकला.

बब्रुवानशेठचे वडील जनावरांच्या बाजारातले जुने दलाल. रुमाल दिसल्यावर त्याचा हात आपोआप पुढं आला. ज्यांना आमचा बाजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : जनावराचा सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. दोन बोटं दाबली की दोन हजार, परत तीन दाबली की वर तीनशे. तोंडानं फक्त भांडायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. तो बाहेर कुणी विचारला तर सांगायचा नाही. आणि सांगितलाच, तर खरा सांगायचा नाही!

अर्धा तास बोटं दाबली. दोनदा मी दुकानातून निघून गेलो, तीनदा त्यानं कपाळावर हात मारला. शेवटी बावीसशेला तुटलं, म्हणजे सौदा ठरला.

"पक्की पावती करू का?"

"पावतीनं पाखरं उडत्यात व्हय? त्याचा कर कोण भरायचा?"

"बरं. आठ दिवसांत न्हाय पटला तर आनून द्या. जेवढं दिलं तेवढं परत. शब्द हाय आपला."

घरी आलो. आमच्या शोभानं भोंग्याकडं बघितलंसुद्धा नाही. पहिला सवाल, "केवढ्याला पडला?"

आता आदल्याच आठवड्यात हिनं बाजारातून निम्म्या भावात साडी आणली होती आणि ती आठवडाभर मला ऐकवत होती. माझं तोंड आपोआप उघडलं, "चौदाशे."

"अगं बाई! अठ्ठावीसशेचा?"

"मग!"

दिवस मावळायच्या आत ही बातमी गावभर झाली. बांधाला बांध असलेला शेजारी दत्तू पळत आला. "आण्णा, चौदाशे? खरं सांगायलाव का?"

"बोलायची रीत असती, दत्तू."

दुसऱ्या दिवशी रानात जाऊन आवाज भरला. बटण दाबलं, छाती भरून घेतली आणि ओरडलो, "हाऽऽड! ऊठ! फुकटं खातोस व्हय रं? तुझ्या बापाचं रान हाय का?"

शोभा म्हणाली, "ह्येच आमी रोज जेवताना ऐकतो."

भोंगा उंच लाकडावर बांधला. मात्र सोलर पाटीवर कंपनीनं चिकटवलेला खाकी कागद मी काढला नाही. उलट त्यावरून खताची रिकामी पिशवी गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधली. वस्तू परत द्यायची वेळ कधी येईल सांगता येत नाही, आणि ओरखडा पडलेली वस्तू दुकानदार घेत नाही. हा तीस वर्षांचा अनुभव आहे, कुणी फुकट शिकवलेला नाही!

पहिल्या दिवशी भोंगा दुपारपर्यंत कडाडला. पाखरं दत्तूच्या रानात पळाली. मी बांधावर उभा राहून दत्तूकडं बघून हसलोसुद्धा. दुपारनंतर मात्र आवाज हळूहळू ओढत गेला, आजारी बोकडासारखा. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. तिसऱ्या दिवशी सकाळी एकदाच "हाऽऽ" म्हणाला आणि गप्प झाला. थोड्या वेळानं बघतो तर एक पाखरू भोंग्याच्या तोंडावर बसून कणसाचा दाणा फोडत होतं!

माझं डोकंच फिरलं. भोंगा खाली काढला, होता तसा पिशवीसकट बगलेत मारला आणि निघालो. शोभा म्हणाली, "मी बी येते. पैसं परत मिळालं की त्यातनंच कुकर घिऊ." जीपमध्ये बसतोय तोवर दत्तूही चढला. "आण्णा, मला बी एक घ्यायचाय. तुमच्याच भावात. जरा शब्द टाका."

मला तिथंच उतरायला हवं होतं.

बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. मी भोंगा काउंटरवर आपटला. "शेठ, ही वस्तू हाय का खेळणं? तीन दिवसांत मेली!"

बब्रुवानशेठ शांत. त्यानं विजेची वायर लावली, चहा मागवला, मला पाजला आणि चहा संपल्यावर बटण दाबलं. दुकान हादरलं. "हाऽऽड! ऊठ! फुकटं खातोस व्हय रं?" बाकावर बसून शेंगा खाणारे एक म्हातारे ताडकन उभे राहिले.

"वाजतोय की, आण्णा."

"हितं वाजतोय! रानात वाजत न्हाय! तुमच्या दुकानात काय ज्वारी पेरलीय व्हय?"

त्यानं सुतळी सोडली. पिशवी काढली. खाकी कागदाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग परत कागदाकडं. आणि हसून म्हणाला, "लई नवा ठिवलाय, आण्णा."

"ठिवणारच! उगं बोट दाखवायला जागा ठिवत न्हाय मी."

"बरं, घेतो परत. शब्द म्हंजे शब्द. किती दिलं हुतं?"

एवढ्या लवकर मान्य केलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. माझ्या डाव्या अंगाला शोभा, उजव्या अंगाला दत्तू.

"तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

"हाय की. पर चार दिवसांत तुमच्या गावची सात मानसं यिऊन गेली. समदी म्हनत्यात चौदाशे. एकानं तर मला लुटारू म्हनलं. त्या दिवशी मी शुद्धीत हुतो का न्हाय, ह्याचीच मला शंका यायलीय. म्हनून म्हनलं, तुमच्या तोंडून ऐकावं. तुम्ही म्हनाल तेवढं परत."

आता मला सांगा, माणसानं काय करावं? बावीसशे म्हणावं तर शोभासमोर आणि दत्तूसमोर तीस वर्षांचं नाव पाण्यात. उद्यापासून गावातलं शेंबडं पोरगंही माझ्याशी शेळीचा भाव करणार! चौदाशे म्हणावं तर आठशे रुपये पाण्यात. मी डोकं चालवलं. खांद्यावरचा रुमाल हळूच काढला आणि शेठच्या हातावर टाकला. खाली दोन बोटं धरली, परत दोन दाबली. डोळ्यांनी विनवणी केली.

त्यानं रुमाल उचलला, नीट घडी घातली आणि माझ्या खांद्यावर परत ठेवला. "आता रुमाल कशाला, आण्णा? सौदा कुठं करायचाय? नुसतं सांगा."

"अवो, सांगा की चौदाशे!" शोभा म्हणाली. "लाजायलाव कशाला?"

"सांगा, आण्णा," दत्तू म्हणाला. "म्हंजे मला बी त्याच भावात मागता यील."

शेंगावाले म्हातारे म्हणाले, "आता फुकटं बोलायला बी पैसं पडत्यात व्हय रं?"

मी छाती भरून घेतली. "चौ..." पुढचा आवाज तिसऱ्या दिवशीच्या भोंग्यासारखाच निघाला. "...दाशे."

शेठनं चौदाशे रुपये माझ्या हातावर ठेवले. इतक्या प्रेमानं मला आजवर कुणी पैसे दिलेले नाहीत.

लगेच दत्तू पुढं. "शेठ, मला बी चौदाशेला."

"नवा अठ्ठावीसशे. ह्यो आण्णांचा चालत असला तर घ्या चौदाशेला."

"द्या!"

दोन मिनिटांत सौदा झाला. रुमालाशिवाय!

आम्ही कुकर घेतला. लहान. परतीच्या जीपमध्ये तो मांडीवर घेऊन शोभानं त्याचं झाकण दोनदा उघडून बघितलं. मग म्हणाली, "बावीसशे मिळालं असतं तर मोठा आला असता."

"तुला कुणी सांगितलं?"

"पेटीतनं पैसं घिऊन गेलता. मागं किती ऱ्हायलं, ते मोजायला रुमाल लागतोय व्हय?"

"मग दुकानात गप का बसलीस?"

"चारचौघांत तुमचं नाव गेलं असतं की," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. (खांदे हलत होते. रडत नव्हती.)

खरा तमाशा दुसऱ्या दिवशी. दत्तूनं भोंगा बांधला, पाटी उन्हात ठेवली आणि नखानं तो खाकी कागद सोलून काढला. त्या दिवसापासून सकाळ ते संध्याकाळ त्याच्या रानातून माझा आवाज गर्जायला लागला. एक मिनिट खंड नाही! त्यानं आवाजसुद्धा बदलला नाही. म्हणाला, "तुमच्यासारखं आमाला जमत न्हाय, आण्णा. तुमचा राग असली हाय." माझ्या आवाजाला भिऊन पाखरं त्याच्या रानातून उठायची आणि बांध ओलांडून माझ्या ज्वारीवर बसायची. मी ढेकळं मारून ओरडलो, "ऊठ! फुकटं खातोस व्हय रं?" की पलीकडून मीच मला विचारायचो, "तुझ्या बापाचं रान हाय का?"

चार दिवसांत घसा गेला. पाचव्या दिवशी बांधावर गेलो. "दत्तू," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "ती वस्तू माज्या नशिबातली हाय. दे मला परत."

दत्तूनं पाटीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. "तुमच्यासाठी म्हनून देतो, आण्णा. बावीसशे."

मी खांद्यावरचा रुमाल काढला. अर्धा तास बोटं दाबली. एकवीसशेला तुटलं.

भोंगा घेऊन घरी आलो. शोभानं विचारलं, "केवढ्याला दिला दत्तूनं?"

"नऊशे," मी म्हणालो.

ती पेटी उघडून मोजायला बसली.