कोट्यातला कोयता

लोखंडाचा कोटा उठल्याची बातमी आमच्या घरात सकाळच्या पहिल्या एस.टी.नं आली. आणणारे आमचेच हे. हे एस.टी.त कंडक्टर, बीडहून शिरूर कासारला येणाऱ्या गाडीत वर्तमानपत्रांचे गठ्ठे असत, त्यातलं एक आमच्या घरी यायचं. एरवी सासऱ्यांचं तीनदा वाचून झाल्यावर दुपारी कधीतरी ते माझ्या हाती लागे. त्या दिवशी मात्र अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते सरळ माझ्यापुढे धरलं.

"वाच. मला लागला तोच अर्थ हाय का, सांग."

मी वाचलं. आता लोखंड कुणालाही, कुठूनही, हवं तेवढं घेता येणार होतं. परमिट नाही, कोटा नाही. मी दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला माझंच वाईट वाटलं, कारण त्या बातमीनं माझी नोकरी गेली होती.

आमचा कारखाना ऊसतोडीचे कोयते बनवायचा. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक भट्टी, दोन ऐरणी आणि आमचे म्हातारे मिस्त्री. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी घरं कुलूप लावून उसाच्या मुलखात जातात. त्या दुनियेत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायकोची जोडी म्हणजे मोजणीत एक कोयता, हातात मात्र दोघांच्या दोन. त्यामुळे आमचं गिऱ्हाईक कधी तुटलं नाही. तुटवडा असायचा तो लोखंडाचा. बीडच्या कचेरीत तीन प्रतींत अर्ज करायचा, मग औरंगाबादच्या गोदामातून पट्ट्यांचा कोटा सुटायचा, तोही मागितलेल्यापेक्षा कमीच. ते अर्ज मी लिहायची. सिरसाळ्याची मॅट्रिक झालेली मुलगी अण्णांनी सून म्हणून पसंत केली ती माझं अक्षर बघूनच, असा माझा अजून संशय आहे.

लोखंड कमी म्हणून अण्णांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून एक फर्मा केला होता. पट्टीवर तो ठेवून खडूनं रेघ मारायची, मग उलटा करून दुसरी. एका कोयत्याची पाठ दुसऱ्याच्या पोटात बसायची आणि पट्टीत एक कोयता जास्त निघायचा. उरलेल्या चिपट्यांचे खिळे. भट्टीजवळ चिमूटभर लोखंडही वाया गेलेलं मी पाहिलं नाही. कोयता मात्र अरुंद व्हायचा आणि हे अण्णांना फार लागायचं. गिऱ्हाईक समोर असताना ते बोलत नसत, पण माणूस कोयता घेऊन गेला की म्हणायचे, "अर्धपोटी कोयता देतो आपण लोकान्ला. सरकार आपल्याला मापून देतं, आपण त्यांला." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांच्याआधी मीच म्हणून टाकायची. ते हसायचे, पण डोळ्यांत हसू नसायचं.

बातमीनंतर महिन्याभरात अण्णा बाजारपेठेतल्या फोनच्या बूथवर गेले, एका व्यापाऱ्याला फोन लावला, आणि चौथ्या दिवशी शेडपुढे ट्रक उभा. एका फोनवर! पट्ट्या उतरताना जो आवाज झाला तो ऐकायला गल्ली गोळा झाली. एवढं लोखंड आमच्या दारात कधी आलं नव्हतं. मिस्त्री ढिगाभोवती गोल फिरले, मग चप्पल काढून उभे राहिले. मला ते विचित्र वाटलं नाही, कारण माझ्याही अंगावर काटा आला होता. वर्षानुवर्षं मी ज्याच्यासाठी 'नम्र विनंती की' लिहीत आले, ते कुणालाही विनंती न करता येऊन पडलं होतं.

अण्णांनी त्याच दिवशी तो फर्मा भट्टीत टाकला. पातळ पत्रा, वाकडा होऊन लगेच काळा पडला. "आता लोकान्ला पोटभर कोयता द्यायचा," म्हणाले. पाणी भरून आलेल्या डोळ्यांना धुराचं निमित्त झालं.

चार महिने आम्ही रुंद कोयते केले. भरदार पातं, जाड पाठ. भिंतीला ओळीनं टेकवून ठेवले तर दिसायला असे देखणे की माझी नजर हटायची नाही. सगळं लोखंड त्यातच गेलं.

नवरात्र लागलं आणि गिऱ्हाईक यायला लागलं. माणूस यायचा, कोयता उचलायचा, हवेत दोनदा फिरवायचा आणि होता तिथं ठेवायचा. "येतो अण्णा, बाजार करून येतो." येत कुणीच नव्हतं. ज्या बातमीनं आमच्याकडे लोखंड आणलं होतं, तिनंच आठवडी बाजारात शहरातले मशीनवरचे कोयते आणले होते, हलके आणि चकचकीत. आमच्या कोयत्यांचा हंगाम वर्षातून एकदाच. तो हुकला तर पुढच्या वर्षी भट्टी पेटणार नव्हती. अण्णांचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या. दरवर्षी त्या धन्यांसाठी आणि स्वतःसाठी आमचे दोन कोयते न्यायच्या. रुंद कोयता हातात घेऊन त्यांनी अण्णांकडे असं पाहिलं की जणू घरातलं कुणी आजारी आहे.

"कावून बदलला ओ अण्णा?"

"चांगला केलाय बाई. भरपूर लोखंड घातलंय."

"लोखंड खायचंय का आमाला?" त्या म्हणाल्या.

शेडच्या कडेला बाजरीच्या ताटांच्या पेंढ्या होत्या. बाईंनी एक मातीत घट्ट रोवली, वाकल्या आणि रुंद कोयत्यानं तोडली. पात्याची खालची कड ढेकळात घुसली, ताटं चार बोटं वर तुटली. मग त्यांनी दुसरी पेंढी रोवली आणि पिशवीतून स्वतःचा जुना कोयता काढला. आमचाच, कोट्यातला, घासून घासून आणखी बारीक झालेला. मनगट हललेलं मला नीट दिसलंही नाही. मातीला न शिवता पातं आत गेलं आणि ताटं बुडाशी कापून आडवी झाली.

"ऊस बुडख्याशी तोडावा लागतो. वर ऱ्हायला तर मुकादम ओरडतो, मातीत गेला तर धार जाती," त्या म्हणाल्या. "आन् दिसभर हात उचलायचा असतो. तुमचा जुना कोयता उचलावा लागत न्हाई, आपसूक जातो. आमच्या टोळीत समद्यांकडं तुमचाच. दुसरा घेतला की रात्री मनगट सुजतं."

अण्णा ऐरणीजवळ खाली बसले. तुटलेली ताटं उचलून त्यांनी दोन्ही काप बोटांनी चाचपून पाहिले. मी त्यांच्याकडे बघत होते आणि थक्क झाले होते. ज्या कोयत्याची त्यांना इतकी वर्षं लाज वाटली, तोच त्यांच्या हातून घडलेला सगळ्यात चांगला कोयता होता. कचेरीनं हात आखडला, अण्णांनी पत्रा कापला, आणि कुणाच्याही ध्यानीमनी नसताना एका बाईचं मनगट वाचलं. हे कुठल्या पेपरात छापून आलं असतं?

"फर्मा तर मी जाळला," अण्णा म्हणाले.

बाईंनी आपला कोयता त्यांच्यापुढे ठेवला. "ह्यो ठेवा. ह्याच्यावर आखा. मला नवा द्या म्हंजे झालं."

त्या जुन्या कोयत्याभोवती मी खडूनं रेघ ओढली. रेघ कुठं हलली नाही. अर्ज लिहिल्याचा तेवढा उपयोग झाला. घासून झिजलं होतं तितकं अंदाजानं बाहेर सोडलं. मग रुंद कोयते पुन्हा तापवायचे, छिन्नीनं पोट छाटायचं, पुन्हा पाणी द्यायचं. मिस्त्री, अण्णा, गाडी सोडून आलेले हे, सगळे लागले. छाटलेल्या चिपट्यांचा ढीग वाढत गेला आणि त्याचे खिळे करायला कुणाला सवड नव्हती. नवमीच्या सकाळी बाईंच्या सांगण्यावरून त्यांच्या टोळीतली माणसं आली. हवेत कोयता फिरवला आणि पिशवीत टाकला.

दर खंडेनवमीला घण, ऐरण आणि फर्मा यांची पूजा व्हायची. त्या वर्षी फर्म्याच्या जागी अण्णांनी बाईंचा कोयता ठेवला. हळदकुंकू वाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इतकी वर्षं मी 'अर्धपोटी कोयता' म्हणायचो ते, सूनबाई, आता तू म्हणू नको."

मी पुन्हा कधी म्हटलं नाही.