नाईटच्या आठवड्यातलं कॉलेज

लग्नानंतरची बावीस वर्षं मी यांच्या ड्युटीवर जगले. अंबडच्या कारखान्यात एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाईट असं चक्र चालायचं. फर्स्ट असली की पहाटे उठून डबा. सेकंड असली की हे दुपारपर्यंत घरात, आणि जेवताना तव्यावरची गरम पोळी लागायची. नाईट असली की सकाळी यायचे, जेवून झोपायचे, आणि मग घरात कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. मुलं लहान होती तेव्हा नाईटच्या आठवड्यात मी त्यांना कुजबुजत रागवायचे.

आमच्या कॉलनीत निम्मी घरं अशीच शिफ्टवाल्यांची. बैठी घरं, मागे कपडे वाळत घालायला अंगण. नाईटवाला माणूस झोपला की बायका पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायच्या आणि मागच्या दाराने ये-जा करायच्या. कुलूप दिसलं की सेल्समन, वर्गणीवाले, पाहुणे आल्या पावली परत जायचे. आत माणूस झोपलाय हे सगळ्यांना माहीत असायचं, तरी कोणी दार वाजवत नसे.

मुलीचं लग्न झालं, मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि एकेचाळिसाव्या वर्षी मी बी.ए.ला नाव घातलं. बारावी मी मुलं शाळेत असताना बाहेरून केली होती. माझ्या माहेरी, दिंडोरीकडच्या गावात, कॉलेज आतून कोणी पाहिलेलं नव्हतं. पुढे काय व्हायचंय असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. उरलेलं आयुष्य तरी कारखान्याच्या भोंग्यावर जाऊ नये, एवढंच वाटत होतं.

हे म्हणाले, "कर. पण घरातलं काही हलता कामा नये."

मला तेव्हा ते मोठ्या मनाचं वाटलं. आपलं नशीब चांगलं, असंही वाटलं. पण घरातलं काही हलू द्यायचं नाही म्हणजे तीन आठवड्यांतून एकच आठवडा कॉलेज, हे हिशेबात आलं नव्हतं. सकाळचं कॉलेज. यांची फर्स्ट असली की मी मोकळी. सेकंडला हे घरात, नाईटला हे झोपलेले. पहिलं महायुद्ध सुरू झालेलं मला नीट ठाऊक होतं. ते संपलं तेव्हा यांची सेकंड होती. अर्थशास्त्रात मागणी शिकले आणि पुरवठा नाईटमध्ये गेला. वर्गातल्या मुली चांगल्या होत्या, 'काकू, हे घ्या, लिहून घ्या' म्हणायच्या. पण दुसऱ्याचं उतरवून काढलेलं मला कळायचं नाही, आणि कळलं नाही हे सांगायची लाज वाटायची.

कॉलनीत मी कोणाला बोलले नव्हते. बाजारात जाते, देवळात जाते, काहीबाही सांगायचे. पास झाले तर सांगू. नाहीतर उगीच हसं.

सप्टेंबरात इतिहासाच्या मॅडमनी थांबवलं. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील.

"असं तीन आठवड्यांतून एकदा उगवून चालणार नाही. हजेरी भरली नाही तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही."

"मॅडम, शिफ्ट असते."

"तुमची?"

"यांची."

मला माझाच राग आला. वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर ते कसं ऐकू येतं ते कळलं.

पुढच्या नाईटच्या आठवड्यात मी ठरवलं. हे आले, जेवले, झोपले. पुढच्या दाराला रोजच्यासारखं कुलूप घातलं आणि मागच्या दारालाही घातलं. नुसती कडी दिसली असती तर शेजारच्या वहिनी साखर मागायला थेट स्वयंपाकघरात आल्या असत्या. निदान शेवटचे दोन तास मिळतील, हे उठायच्या आत परत यायचं. तीन दिवस ते जमलंही. हे दुपारी उठायचे तेव्हा मी भाजी निवडत बसलेली.

चौथ्या दिवशी लाइट गेली. ऑक्टोबरचं ऊन, पंखा बंद, यांची झोप मोडली. बाहेर ओट्यावर बसावं म्हणून हे उठले तर पुढून कुलूप, मागूनही कुलूप.

मी रिक्षातून उतरले तेव्हा दारापुढे माणसं जमली होती. खिडकीच्या गजांमागे हे बनियनवर उभे, आणि शेजारच्या वहिनी गजांतून त्यांना चहाची बशी देत होत्या.

"भाऊजी, कप काही आत येत नाही. बशीनेच प्या."

"राहू द्या ना, मस्त आहे," समोरचे म्हातारे काका म्हणाले. "आज ड्युटीला जायला नको. फक्त जामीन कोण राहतो ते बघा."

कोणीतरी हातोडा आणला होता. हे आतून ओरडत होते, "कुलूप फोडू नका, नवीन आहे!"

मला बघून सगळे बाजूला झाले. किल्ली पर्समध्ये सापडेना. वहिनींनी विचारलंच, "कुठं गं गेली होतीस, नवऱ्याला कोंडून?"

"कॉलेजात."

"कोणाच्या ॲडमिशनला?"

बाजार, देऊळ, सगळं ओठांवर आलं होतं. पण पर्समध्ये हात घालून उभी असताना एकदम थकल्यासारखं झालं. म्हटलं, "माझ्याच. मी बी.ए. करतेय."

मग काका म्हणाले, "अरे वा, आता हिच्या पोरींना भीती, आई आपल्या वर्गात येते की काय!" आणि सगळे हसले. मला एकच मुलगी आहे आणि ती सासरी आहे, हे काकांनाही माहीत होतं. शेवटी किल्ली सापडली, दार उघडलं.

यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "मी कंपनीत पोचायच्या आत ही गोष्ट पोचलेली असेल. नाईटला जायचं बंद. फर्स्टला जा, कोण अडवतंय?"

"तुमची फर्स्ट तीन आठवड्यांतून एकदा येते."

"मग काय साहेबाला सांगू? बायको कॉलेजला जाते, मला कायम फर्स्टच द्या?"

"सांगा की," मी म्हणाले.

ते नुसतं हसले. इतकं ते त्यांना अशक्य वाटलं. मलाही वाटलं. त्या संध्याकाळी मी त्यांच्या डब्यात भरली वांगी दिली. कोणी सांगितलं नव्हतं. वांग्यांना चिरा देताना स्वतःच्या हातांचाच संताप येत होता, पण हात चालूच राहिले.

सकाळी हे आले तेव्हा मी चपला घालून उभी होते. स्वयंपाक झाकून ठेवला होता.

"मी निघते. आतून कडी लावून घ्या."

"आणि कोणी दार वाजवलं तर?"

"उठा, नाहीतर वाजवू द्या."

"पोळी गार खाऊ?"

"आज गार."

ते बूट काढत खाली वाकलेले होते, तसेच थांबले. काही म्हणायच्या आत मी बाहेर पडले. रिक्षात बसले. प्रत्येक चौकात वाटायचं, उतरावं, परत जावं, पोळ्या गरम करून द्याव्यात. बावीस वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते, आणि त्यात मला काही मोठं केल्यासारखं वाटत नव्हतं. नुसती चीड होती; त्यांची, माझी, त्या कारखान्याची.

कॉलेजात पोचले तर शिपाई म्हणाला, इतिहासाच्या मॅडम रजेवर आहेत, पुढचा तासही नाही. मुलं आनंदाने कँटीनकडे पळत होती. मला रडूच यायचं बाकी होतं. एवढं करून आले ते यासाठी?

वर्ग रिकामा होता. मी आत जाऊन बसले. थोड्या वेळाने माझ्या वर्गातली एक मुलगी राहिलेली छत्री घ्यायला आली.

"काकू, आज तास नाहीयेत. घरी नाही जात?"

"माहितीये मला," मी म्हणाले. "पण तास सुटायच्या वेळेलाच जाणार आहे."

तिला काही कळलं नसावं. ती छत्री घेऊन गेली, आणि मी पुस्तक काढून पहिल्या महायुद्धाचं न शिकलेलं पान उघडलं.