शेवग्यापाशी संपलेली तार
परवा पंपाची मोटर घेऊन शहापूरला वाइंडिंगवाल्याकडे गेले, आणि तांब्याच्या तारेवरच्या वार्निशचा कडवट वास आला तशी मी थेट नव्वदच्या सुमाराच्या आमच्या किन्हवलीच्या परसात जाऊन उभी राहिले. आमच्या ह्यांना हौशी रेडिओचा नाद, दूरदूरच्या माणसांशी बोलायचे, आणि त्यासाठी अँटेना म्हणून परसात लांब ताणलेली तार हवी. पण वाटेत माझा शेवगा, माहेरून फांदी आणून लावलेला. "तोडावा लागंल गो," म्हणाले, तशी मी बोलणंच टाकलं. मग एके दिवशी बघते तर हे पाइपाच्या तुकड्यावर तार गुंडाळतायत, "कमी पडलेली तार ही कॉइल भरून काढील, झाड राहू दे तुझं." तार शेवग्यालाच बांधली आणि तिन्हीसांजेला हे खिडकीत रेडिओची कळ दाबून बसले, मला काठीला तारेचं कडं जोडलेला टॉर्चचा बारका बल्ब बांधून तारेखालून फिरवलं; तारेला न शिकताच तो तिच्यातल्या विजेवर पेटायचा. घराशी बल्ब लख्ख, कॉइलच्या पुढे मंद, शेवग्यापाशी पार विझला. "अवो, टोकाला तर कायच येत नाय, कापून टाका की टोक!" म्हटलं, तर हे खिडकीतून हसले, "येडे, लाट टोकाला जाऊन माघारी येते, म्हणून इकडे उजेड हाय. टोक कापलंस तर इकडे घराशीपण बल्ब मंदावंल." हे जाऊन आता बरीच वर्षं झाली, रेडिओही मुका पडलाय, पण तारेचं टोक शेवग्याच्या सालीत रुतलंय ते मी सोडवू दिलं नाही, आणि शेंगा काढताना हात त्याला लागला की अजून आधी खिडकीकडे बघते.