कौलांवरची मगर

सांगलीत पूर आला आणि मी इथं परदेशात, बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये जेवता जेवता ऑफिसच्या लोकांना तो रंगवून सांगत होतो. मगर आमच्या कौलांवर ऊन खातेय, म्हैस दुसऱ्या मजल्यावर रवंथ करतेय! सगळं टेबल खिदळत होतं. टीममधली लाओसची मुलगी तेवढी हसली नाही. तिचं गाव मेकाँग नदीच्या काठावर.

"तुझी आई बाहेर पडली का?" तिनं विचारलं.

मी चमचा खाली ठेवला. सकाळपासून मी घरच्या ग्रुपवर नुसते जोडलेले हात टाकले होते. तिथूनच फोन लावला.

"शाळेत आणून ठेवलंय आम्हाला," आई म्हणाली. "तिकडं एवढं कोण हसतंय रे?"

"टीव्ही चालू आहे," म्हणालो, आणि टेबलाकडे पाठ केली.