पंचनाम्यात नसलेला पुठ्ठा

ती घटना आजही आठवते, असं आमच्या खात्यातली माणसं निवृत्तीनंतर हमखास म्हणतात. मला घटना तुकड्यातुकड्यांनी आठवते. पण तिथल्या फरशीवर पडलेला एक पुठ्ठा मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. त्याच्याबद्दल मी कोर्टात बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी सांगली जिल्ह्यात एका ठाण्याचा पोलीस निरीक्षक होतो. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. त्यातल्याच एका खासगी रुग्णालयात सकाळी स्फोट झाला. ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र फुटलं आणि त्याच्यापाशी उभी असलेली आया जागीच गेली. पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यातल्या मेंढपाळ घरातली बाई. पंधरा वर्षं तिथं कामाला होती आणि सगळा दवाखाना तिला मावशी म्हणत असे.

मी पोचलो तेव्हा दारात गर्दी होती. आत सगळीकडे पाणी, कापसाचे बोळे, वाकडं झालेलं झाकण. दाराच्या आतच सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा पालथा पडला होता, भोकातून तार ओवलेली. मी तो ओलांडून पुढे गेलो. रायटर हवालदारानं पंचनामा लिहिला, पंचांनी सह्या केल्या, शेवटी मी केली. दुपारी रुग्णालयानं विचारलं, खोली धुऊ का? मी हो म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्यापुढे एक छापील कार्ड ठेवलं. सहाच दिवसांपूर्वी सांगलीच्या एका फर्मचा मेकॅनिक यंत्र तपासून गेला होता. कार्डावर रुग्णालयाचं नाव, यंत्राचा नंबर, वाफेचा दाब, आणि ‘सेफ्टी व्हॉल्व्ह : ठीक’. वाफ जास्त झाली की बाहेर सोडणारा तो व्हॉल्व्ह. तो ठीक असता तर यंत्र फुटलंच नसतं. खाली मेकॅनिकची सही होती. निष्काळजीपणानं मृत्यू, कलम तीनशे चार अ. गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. "तो मेकॅनिक आत गेलाच न्हाई. गाडीत बसून कागद छापला आन् गेला," एवढं बोलून माणसानं फोन ठेवला. नाव सांगितलं नाही. खबर देणारा नाव लपवतो तेव्हा खबरीआधी त्याचा हेतू तपासावा, हे मी नव्या फौजदारांना शिकवत असे. या वेळी मीच विसरलो, कारण खबर माझ्या मनासारखी होती.

मेकॅनिक रहिमतपूरचा. पंचेचाळिशीचा, सडपातळ, हाताला ग्रीसचा वास. बाकावर ताठ बसला होता.

"त्या दिवशी आत गेला होतास?"

"गेल्तो की. व्हॉल्व्ह अडकत व्हता. मावशीला सांगितलं, ह्येला हात लावू नगा. पुठ्ठ्यावर लिवलं, ‘वापरू नका’, आन् तारंनं झाकणाला बांदला. सुटा भाग मागवायला हापिसात फोन बी केला."

"मग कार्डावर ठीक कसं?"

"त्ये मी न्हाई लिवलं, साहेब. त्ये छापूनच येतंय."

"सही कुणाची?"

"माजीच."

"कार्ड वाचलं नाहीस?"

"न्हाई." मान खाली घालून म्हणाला, "रोज आट-आट कार्डं असत्यात. समदी सारकीच."

मी टेबलावर हात आपटला. "ज्या कागदावर आपली सही, तो वाचायला नको? बाई मेली तिकडं!" त्याचे डोळे भरले आणि मला वाटलं, आता कबूल करेल. रडणारा माणूस गुन्हेगारच असतो असं समजणारे अधिकारी मी पाहिले होते, आणि त्या दिवशी मीही त्यांच्यातला एक होतो.

छापून येतंय म्हणजे काय, हे बघायला सांगलीला त्या फर्मच्या ऑफिसात गेलो. मालक हौशी होता. त्यानं सर्व्हिसच्या मॅटॅडोरमध्ये लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर बसवला होता. गिऱ्हाइकांची सगळी माहिती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असे, रोज सकाळी ती फ्लॉपीवरून गाडीत जाई. मेकॅनिकनं गिऱ्हाइकाचा नंबर दाबला की कार्ड आपोआप भरे. "माणसांचा हात दुखत नाही की वेळ जात नाही," मालक कौतुकानं सांगत होता.

हे सगळं जमवलं होतं ऑफिसातल्या एका मुलीनं, बी.कॉम. झालेल्या. मी तिला त्या रुग्णालयाची मागची कार्डं काढायला लावली. पाच कार्डं निघाली. पाचही कार्डांवर वाफेचा दाब एकच, दशांशापर्यंत तोच. व्हॉल्व्ह पाचही वेळा ठीक. यंत्र कितीही चांगलं असलं तरी काटा दर महिन्याला त्याच रेघेवर थांबत नाही.

"नाव-पत्ता मागचा येतो हे समजलं," मी म्हणालो. "तपासणीचा निकालही मागचाच येतो?"

ती मालकाकडे बघायला लागली. मालक खिडकीकडे.

"सुरुवातीला निकालाची जागा रिकामी यायची," ती म्हणाली. "मेकॅनिक ती भरायचेच नाहीत, अर्धी कार्डं कोरी परत यायची. सरांनी सांगितलं, काहीतरी करा. मग मी मागचा निकाल पुढं आणून ठेवला. वेगळं काही असलं तर ते बदलतील, असं वाटलं मला." मग तिनं ड्रॉवरमधून फोनची वही काढली. त्याच तारखेला तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : मिरज, व्हॉल्व्ह अडकतो, नवा मागवणे.

म्हणजे तो आत गेला होता. फोनवरची खबर खोटी होती. दोष त्याला सापडला होता आणि त्यानं तो कळवलाही होता. कार्ड खोटं बोललं होतं, आणि तेही कुणी मुद्दाम बोलायला लावलं नव्हतं.

आता प्रश्न एकच उरला. त्यानं रुग्णालयाला सावध केलं होतं का? डॉक्टर म्हणाले, आम्हाला कुणी सांगितलं नाही, पुठ्ठा-बिठ्ठा काही नव्हता. मावशी बोलायला राहिली नव्हती. पुठ्ठा बांधला होता असं ठरलं, तर तो सोडून यंत्र चालू करायला लावणारा दोषी. नाहीतर मेकॅनिक. त्या माणसाची सगळी अब्रू एका पुठ्ठ्याला टांगलेली होती.

आणि तो पुठ्ठा मी पाहिला होता.

ठाण्यात येऊन पंचनामा काढला. शेवटून दुसरी ओळ : ‘घटनास्थळी तपासकामी उपयुक्त अशी अन्य कोणतीही वस्तू मिळून आली नाही.’ रायटरला बोलावलं. विचारलं, "हे बघून लिहिलंस?"

तो गोंधळला. "साहेब, ते वाक्य प्रत्येक पंचनाम्यात असतंच की." त्यानं कपाटातून सायक्लोस्टाइल केलेल्या कोऱ्या पंचनाम्यांचा गठ्ठा काढला. जागा, वेळ, पंचांची नावं यांना मोकळी जागा. हे वाक्य आधीच छापलेलं. तीन वर्षं मी त्याच्याखाली सही करत होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

वरिष्ठांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही तपास अधिकारी. आज म्हणाल पुठ्ठा होता, तर पंचनामा खोटा, पंच खोटे, आणि चौकशी तुमची. वही जोडा आणि दोषारोपपत्र पाठवा." मी वही जोडली, पुठ्ठ्याचं काही लिहिलं नाही. सोपं होतं म्हणून लिहिलं नाही. दुसरं कारण देत नाही.

माझी साताऱ्याला बदली झाली. खटला उभा राहिला तेव्हा साक्षीला मिरजेला गेलो. आरोपीच्या वकिलानं फार प्रश्न विचारले नाहीत. एकच विचारला, "घटनास्थळी तार ओवलेला पुठ्ठा पडलेला तुम्ही पाहिला का?"

मी पंचनाम्याकडे पाहिलं. "पंचनाम्यात तशी नोंद नाही," म्हणालो.

एक अक्षर खोटं नव्हतं. मेकॅनिकला शिक्षा झाली. फार मोठी नाही, पण त्यानंतर कुठल्याही दवाखान्यानं त्याला दारात उभं केलं नाही. पुठ्ठा कुणी सोडला, फोन कुणी केला, हे कधीच सिद्ध झालं नाही. शोध जिथून सुरू करायचा ती वस्तूच मी धुऊन जाऊ दिली होती.

निवृत्तीनंतर एका लग्नाला रहिमतपूरला गेलो होतो. बाजारपेठेत स्टोव्ह आणि कुकर दुरुस्त करायचं एक खोपटं दिसलं. आत तोच. त्यानं मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. टेबलावर दुरुस्त केलेले कुकर मांडलेले होते आणि प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी, तारेनं बांधलेली. काय केलं, काय बाकी आहे, सगळं त्याच्या हातानं लिहिलेलं.

माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "तो पुठ्ठा मी पाहिला होता."

"ठावं हाय, साहेब," तो म्हणाला. "स्फोट कळला तसा आल्तो, दारात गर्दीत हुबा व्हतो. तुमी त्येच्यावरनं पाय टाकून आत गेला, त्ये मी बगितलं."

"मग कोर्टात का नाही सांगितलंस?"

"माजं कोन ऐकनार? मी आरोपी." तो स्टोव्हची पिन पुसत राहिला. "वकिलाला म्हनलं, साहेबांनाच इचारा. त्यांनी बगितलंय. त्ये सांगतील."

चहा आला. मी तो प्यालो, कारण न पिणं आणखी वाईट दिसलं असतं.

नोकरीत मी अनेकांना खोटं बोलताना पकडलं. या प्रकरणानं शिकवलं ते इतकंच : कागद भरण्याचा त्रास वाचवला की माणूस बघायचंही सोडतो, मग तो कागद कॉम्प्युटरनं भरलेला असो की सायक्लोस्टाइलनं. मेकॅनिकनं न वाचता सही केली, त्याची शिक्षा त्यानं भोगली. मीही न वाचता सही केली होती. मला पेन्शन मिळते.